सहा घोडे, शहाऐंशी हजार

तर झालं असं, की आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. दहिसर पूर्वेला सध्या दर दुसऱ्या गल्लीत हेच चालू आहे, त्यामुळे त्यात नवल काही नाही. बिल्डरने भाडं ठरवून दिलं, आम्ही दोन गल्ल्या सोडून जागा शोधली, सामान हलवलं, देव हलवले, आईची तुळस हलवली. घोडं अडलं ते एकाच गोष्टीवर. नव्या जागेत पार्किंग एक आणि गाड्या दोन. एक घरची, रोजच्या वापरातली. दुसरी माझी. २००२ सालची होंडा सिटी, १.५ व्हीटेक.

"ह्यातली कुठली ठेवायची?" असं बायकोने विचारलंच नाही. तिने विचारलं, "ती कधी विकतोयस?"

आता एखाद्या सॉफ्टवेअरवाल्याला काही सोडायला सांगितलं की तो काय करतो? एक्सेल शीट उघडतो. माझी शीट तर २००९ पासून तयारच होती. त्या साली ही गाडी मी २ लाख १० हजारांना सेकंडहँड घेतली. नवीन लग्न, नवीन नोकरी, पहिली गाडी. त्यानंतर तिच्यावर हौसेपोटी जे जे केलं ते सगळं त्या शीटमध्ये तारखेसकट आहे. पेट्रोल, सर्व्हिसिंग, विमा वगळून, निव्वळ 'मॉडिफिकेशन' ह्या सदराखाली एकूण २ लाख ४५ हजार. म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. हा आकडा मी बायकोला ह्याआधी कधी सांगितला नव्हता. (आता ती हे वाचेल. असो.)

नेमकं त्याच आठवड्यात मावसभावाचा फोन आला. वय २६, ऐरोलीला नोकरी. "दादा, एक ऑक्टाव्हिया व्हीआरएस बघितलीय. फुल्ली मॉडिफाइड. साडेपाच लाख सांगतोय. वर नंतर किंमत वाढतच जाणार म्हणतो. पर्सनल लोन मिळतंय सहा लाखांचं. घेऊ का?"

एकाच आठवड्यात एक विकायची आणि एक विकत घ्यायची, दोन्हीकडचा हिशोब डोळ्यासमोर आला. त्यातून जे डोक्यात आलं ते इथे मांडतोय.

*

आधी थोडा इतिहास, पंचविशीतल्या मंडळींसाठी.

आपल्याकडे खरी स्पोर्ट्स कार अशी फारशी नव्हतीच. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म आठवते का कुणाला? दोन सीट, फायबरची बॉडी, उघडं छत, आणि आत रेनॉचं १.२ लिटरचं ६० बीएचपीचं इंजिन. दिसायला झकास, पण पळायला आजच्या साध्या हॅचबॅकपेक्षाही कमी. बाकी आमच्या पिढीच्या 'स्पोर्ट्स कार' म्हणजे चार दारांच्या, मागे डिकी असलेल्या, ज्यात बसून लोक लग्नाला जायचे त्याच गाड्या. मारुती एस्टीम, ८५ बीएचपी आणि वजन जेमतेम पावणेनऊशे किलो. फोर्ड आयकॉन १.६. फियाट पॅलिओ १.६, शंभर बीएचपी, जी कुर्ल्यात बनायची आणि जिची जाहिरात सचिन करायचा. आणि ह्या सगळ्यांत मानाचं पान सिटी व्हीटेकला. १५०० सीसीतून १०६ बीएचपी, वजन एक टनाच्या आसपास, आणि इंजिन सहा हजार आरपीएमच्या पुढेही आनंदाने फिरायचं.

२००३ मध्ये कंपनीने नवीन आकाराची सिटी आणली, जिला लोक 'डॉल्फिन' म्हणायचे. जागा जास्त, मायलेज जास्त, आणि ताकद किती? ७७ बीएचपी. झालं! जुनी व्हीटेक त्या दिवसापासून दंतकथा झाली. जी गोष्ट बंद होते आणि जिच्या जागी सौम्य गोष्ट येते, तिच्यावर माणसं जास्तच प्रेम करतात. यामाहाच्या आरएक्स १०० चं तेच झालं, आरडी ३५० चं तेच झालं.

तर अशी गाडी हाती आली की तिला हात न लावता ठेवणं अवघड. मीही लावला.

*

आता परफॉर्मन्सचा हिशोब. इथे मी जरा तांत्रिक होणार आहे, सांभाळून घ्या.

ताकद वाढवण्यासाठी मी तीन गोष्टी केल्या. इनटेक आणि फिल्टर ९ हजार, हेडर आणि एक्झॉस्ट ४२ हजार, ईसीयूचं ट्यूनिंग ३५ हजार. एकूण ८६ हजार. सगळ्याच्या आधी आणि सगळ्याच्या नंतर गाडी डायनोवर चढवली होती. (डायनो म्हणजे रोलरवर चाकं फिरवून चाकांपर्यंत पोचणारी ताकद मोजायचं यंत्र. इंजिनचे १०६ म्हणजे चाकांवर साधारण नव्वद, कारण मधला गिअरबॉक्स वगैरे आपला वाटा खातो.) आधीचा आकडा ८८. नंतरचा ९४.

सहा घोडे, शहाऐंशी हजार. एका घोड्याला चौदा हजारांच्या वर पडले. एवढ्यात खरा घोडा मिळाला नसता हे मान्य, पण तरी.

ह्यात ट्यूनरने फसवलं असं नाही. हे असंच असतं. टर्बो नसलेलं इंजिन बाहेरची हवा बाहेरच्याच दाबाने आत घेतं. दीड लिटरच्या सिलिंडरांत दीड लिटरच हवा मावणार. तुम्ही वाट मोकळी करू शकता, स्फोटाची वेळ थोडी मागेपुढे करू शकता, पण हवा वाढवू शकत नाही. आणि होंडाच्या इंजिनिअरांनी ती वाट आधीच बऱ्यापैकी मोकळी ठेवलेली होती. म्हणजे आधीच ऑप्टिमाइझ केलेल्या कोडवर आपण पुन्हा मेहनत घ्यायची आणि पाच-सात टक्के सुधारणा दिसली की टाळ्या पिटायच्या, त्यातला प्रकार.

त्यात आणखी गंमत. ते वाढलेले सहा घोडे भेटतात कुठे, तर साडेसहा हजार आरपीएमला. दहिसर चेकनाक्यापासून मालाडपर्यंत हायवेवर सकाळी नऊ वाजता मी तीन हजारांच्या पुढे कधी जातो? उलट जाड पाइपमुळे कमी आरपीएमला वायूंचा वेग मंदावतो आणि खालचा पिकअप थोडा कमी होतो. म्हणजे रोज लागते ती ताकद गेली आणि वर्षातून चारदा लागते ती आली. वर हौसेने मोठी अलॉय चाकं लावली, टायरसकट ४८ हजार. प्रत्येक चाक मूळ चाकापेक्षा चारेक किलो जड. फिरणारं वजन वाढलं की गाडी उचलायला जास्त जोर लागतो. म्हणजे एका हाताने घोडे घेतले आणि दुसऱ्या हाताने त्यातले निम्मे परत केले.

पण आवाज! आवाज काय सुंदर यायचा महाराजा! आणि खरं सांगतो, गाडी जास्त पळते असं मला वाटायचं ते ह्या आवाजामुळेच. डायनोला कान नसतात.

टर्बो गाडीचं गणित वेगळं. तिथे हवा पंपाने कोंबलेली असते, आणि ती किती कोंबायची हे सॉफ्टवेअर ठरवतं. मावसभावाची ती पहिल्या पिढीची व्हीआरएस १.८ लिटर टर्बो, मूळ १५० बीएचपी. तिला नुसता नवीन मॅप टाकून १८०-१९० पर्यंत नेता येतं, आणि तेही माझ्या निम्म्या खर्चात. म्हणून 'मॉडिफाय करून काही होत नाही' असं सरसकट म्हणणारा चूक आणि 'करून बघ, गाडी बदलून जाईल' असं सरसकट म्हणणाराही चूक. कुठलं इंजिन आहे ते आधी विचारा.

आणि आता एक कडू गोळी. आज शोरूममध्ये मिळणाऱ्या १ लिटर टर्बोच्या स्कोडा किंवा फोक्सवॅगन सेडानमध्ये ११५ बीएचपी असतात, दीड लिटरच्यात १५०. एअरबॅग, एबीएस, वॉरंटी आणि हप्त्यासकट. माझी सगळी मेहनत करून ९४ वर पोचलेली गाडी अशा दीड लिटरच्या गाडीमागे सिग्नलला उभी राहते तेव्हा शर्यत सुरू होण्याआधीच संपलेली असते. जुनी गाडी वेगासाठी सुधारायची हा मुद्दाच आता उरलेला नाही. तिला पळवण्यात मजा आहे, वेग नाही.

*

आता जे सांगतोय ते त्या शीटमधल्या शेवटच्या ओळीबद्दल आहे. 'ब्रेक पॅड, डिस्क, ऑइल, होज - १६ हजार.' तारीख जुलै २०१४.

त्याच्या आदल्या रविवारी ठाण्याहून घोडबंदर रोडने परत येत होतो. बायको शेजारी. घाट उतरून फाउंटनच्या बाजूला येताना पाऊस सुरू झाला. पुढे टेम्पो होता, त्याने खड्डा बघून कचकन ब्रेक मारला. माझा वेग सत्तरच्या आसपास असेल. मी ब्रेक दाबला, आणि गाडी थांबायच्या ऐवजी पुढे पुढेच जात राहिली. पॅड अर्धे झिजलेले होते हे मला माहीत होतं. दोन महिन्यांपासून माहीत होतं. पण त्या दोन महिन्यांत एक्झॉस्टचे पैसे द्यायचे होते ना! टेम्पोच्या फळीपासून वीतभर अंतरावर गाडी थांबली. बायको काही बोलली नाही. दहिसर येईपर्यंत काहीच बोलली नाही. तो सुंदर आवाज त्या दिवशी मला पहिल्यांदा नकोसा झाला.

घरी येऊन शाळेतलं गणित केलं. थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. साठच्या ऐवजी ऐंशीने जात असाल तर वेग एक तृतीयांशच वाढला, पण ब्रेकिंगचं अंतर पावणेदोन पटीच्या पुढे गेलं. ओल्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंत साधारण पन्नास मीटर. त्यात माणसाला भान यायला एक सेकंद धरला तर आणखी बावीस मीटर. एकूण बहात्तर मीटर. आणि हे सगळं चांगले टायर आणि चांगले ब्रेक असताना.

माझ्या गाडीत मागे ड्रम ब्रेक. घोडे वाढवण्यासाठी ८६ हजार, आणि थांबवण्यासाठी पाच वर्षांत शून्य. ऑफिसात एखाद्या ज्युनिअरने असं केलं असतं, म्हणजे नवीन फीचर चार आणि टेस्टिंग शून्य, तर मी त्याला सगळ्यांसमोर झापला असता.

*

आता विक्री.

पहिला आला तो एजंट. गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं, आणि म्हणाला, "साहेब, ह्यात काय काय केलंय?" मी उत्साहाने सांगायला लागलो. हेडर, ट्यूनिंग, सस्पेन्शन, बकेट सीट. तो प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होता. मला वाटलं बेरीज करतोय. वजाबाकी करत होता. "एक वीस देतो." त्याने जाता जाता हेही सांगितलं, की बोरिवलीतल्या एका निवृत्त गृहस्थांची हीच गाडी, हेच साल, हात न लावलेली, सिंगल ओनर, ६२ हजार किलोमीटर, सगळी बिलं फाइलला लावलेली, त्याने महिन्यापूर्वी ३ लाख १० हजारांना विकून दिली.

दुसरा आला वसईहून. शौकीन माणूस, बोलायला मजा आली. पण त्याचीही पहिली चौकशी तीच. "ओरिजिनल एक्झॉस्ट आहे का?" त्याने दीड लाखाच्या वर पाच हजार सांगितले.

मला राग आला होता. पण नंतर विचार केला की मी त्यांच्या जागी असतो तर?

जॉर्ज अकेरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक निबंध लिहिला, आणि २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं त्यात ह्या कामाचा मोठा वाटा होता. विषय काय, तर जुन्या गाड्यांचा बाजार. मुद्दा सोपा. गाडीत काय बिघडलंय हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. मग घेणारा स्वतःला वाचवण्यासाठी वाईटच धरून चालतो आणि त्या मानाने भाव सांगतो. चांगल्या गाडीच्या मालकाला तो भाव परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो, आणि बाजारात उरतात खराब गाड्या.

मॉडिफाय केलेली गाडी म्हणजे ह्याच अडचणीचा कळस. हात न लावलेल्या गाडीबद्दल घेणाऱ्याला निदान एवढं माहीत असतं की कारखान्यात ती कशी होती. माझ्या गाडीबद्दल त्याला काय माहीत? हा माणूस रोज सात हजार आरपीएमला पळवायचा का? ट्यूनिंग कुणी केलं? वायर कुठून कापली आणि कुठे जोडली? मी शपथेवर सांगितलं तरी त्याने का ऐकावं? मोठा सायलेन्सर लावलेली गाडी 'मला दामटलंय' असं न विचारता सांगत असते.

त्याच्या जोडीला कायदा. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२, आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, हे त्यात स्पष्ट झालं. पंधरा वर्षं झाली की आरसीचं नूतनीकरण, आणि पुढे दर पाच वर्षांनी तेच. इन्स्पेक्टर गाडी बघतो, पर्यावरण कर भरावा लागतो. माझं मागचं नूतनीकरण मार्च २०२२ मध्ये झालं, फी ६०० रुपये. १ एप्रिल २०२२ पासून तीच फी ५ हजार झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला १० हजार. घेणाऱ्याला २०२७ ची ती तारीख दिसते. मॉडिफाय केलेल्या गाडीत त्याला फी दिसतेच, वर 'पास होईल का' ही धाकधूकही दिसते. विमा कंपनीला न सांगता केलेले बदल असतील तर अपघातानंतर क्लेम अडकू शकतो, हे वेगळंच. आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. जुन्या रबरी नळ्या आणि सील त्याला तोंड देतीलच असं नाही, आणि साध्या पेट्रोलवर बेतलेलं जुनं ट्यूनिंगही पुन्हा तपासावं लागतं.

सरकारही मूळपणालाच मान देतं बरं का. २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. पन्नास वर्षांवरची गाडी, पण मूळ रूपात ठेवलेली आणि मोठे फेरफार न केलेली. तिलाच ती खास नोंदणी.

"पण परदेशात तर मॉडिफाइड गाड्या कोटींना जातात!" हे मावसभावाचं वाक्य. जातात ना. पहिल्या 'फास्ट अँड फ्युरियस'मधली पॉल वॉकरने चालवलेली नारिंगी टोयोटा सुप्रा २०२१ मध्ये अमेरिकेत लिलावात साडेपाच लाख डॉलरला गेली. पण ते पैसे टर्बोचे नाहीत, पॉल वॉकरचे आहेत. कॅलिफोर्नियातली सिंगर नावाची कंपनी जुन्या पोर्श ९११ नव्याने घडवते आणि त्या मूळ गाडीपेक्षा कितीतरी महाग विकल्या जातात. पण तिथे काम कुणी केलं, काय केलं, कसं केलं हे सगळ्या जगाला माहीत असतं. म्हणजे पुन्हा अकेरलॉफच. घेणाऱ्याला खात्री असेल तर बदलाचेही पैसे मिळतात. माझं काम कुठल्या गॅरेजात झालं ते मला माहीत आहे, वसईच्या माणसाला नाही.

*

मग मी काय केलं? जे प्रॉडक्शनवर काही फसलं की करतो तेच. रोलबॅक.

माझं एक नशीब (खरं तर आईचं, कारण ती काहीच टाकू देत नाही) की मूळ एक्झॉस्ट, मूळ चाकं, मूळ सस्पेन्शन, मूळ सीट, सगळं जुन्या घराच्या माळ्यावर गोणपाटात बांधून ठेवलेलं होतं. सामान हलवताना टेम्पोवाल्याने विचारलंही, "साहेब, भंगारात देऊ का?" दोन शनिवार-रविवार घालवून गाडी पूर्वपदावर आणली. मजुरी आणि किरकोळ सामान धरून १८ हजार. ईसीयू मूळ मॅपवर. ब्रेक मात्र तसेच ठेवले. काढलेले पार्ट शौकिनांना सुटे विकले. चाकं २२ हजार, सस्पेन्शन १६, एक्झॉस्टचा सेट १४, सीट आणि स्टिअरिंग १२. एकूण ६४ हजार.

आणि तीच गाडी, तेच इंजिन, तोच मालक, पण 'स्टॉक कंडिशन' म्हटल्यावर गेली २ लाख १५ हजारांना. अधिक ६४, वजा १८. हातात २ लाख ६१ हजार. जशीच्या तशी विकली असती तर दीड लाख आणि वर पाच हजार. माळ्यावरच्या गोणपाटाची किंमत १ लाख ६ हजार रुपये निघाली. २ लाख ४५ हजारांच्या हौसेला बाजाराने स्वतःहून एक पैसा दिला नाही. जे दिलं ते ती हौस उलटी फिरवता आली म्हणून दिलं.

*

तर माझं मत असं.

गाडीत हौसेने बदल करायला माझी ना नाही. मी अकरा वर्षं केले, मजा केली, त्या पैशाबद्दल मला पस्तावा नाही. लोक लडाखला जातात, महागडे कॅमेरे घेतात, मी हे केलं. पण त्याला गुंतवणूक म्हणू नका. जो विकणारा 'पुढे किंमत वाढेल' म्हणतो त्याला विचारा, मग तू का विकतोयस?

करायचंच असेल तर क्रम पाळा. आधी टायर. मग ब्रेक. मग सस्पेन्शनचे झिजलेले बुश, रेडिएटर, नळ्या. ही कामं कुणाला दिसत नाहीत, त्यांचा आवाज येत नाही. ह्यानंतर पैसे उरले तर घोडे. आणि तेही टर्बो गाडी असेल तर. काढलेला प्रत्येक पार्ट जपून ठेवा. माळा नसेल तर काकांचा माळा शोधा. कापाकापी लागेल असा बदल करू नका, कारण कापलेली वायर आणि कापलेला पत्रा रोलबॅक होत नाही. प्रत्येक बिल फाइलला लावा. आरसीत किंवा विम्यात जे कळवायला हवं ते कळवा.

आणि कर्ज काढून तर मुळीच नको. मावसभावाला मी शीट करून पाठवली. सहा लाख, बारा टक्के, पाच वर्षं, हप्ता साधारण १३ हजार ३५०. एकूण परतफेड आठ लाख. वीस वर्षं जुन्या गाडीसाठी, जिचा मूळ टर्बो कुठे आहे ते विकणाऱ्याला माहीत नाही. डायनोचा कागद मागितला तर तो म्हणे, "सगळं ओके आहे ब्रो."

त्यावर मावसभाऊ जे बोलला ते मात्र लागलं. "दादा, तू सगळी मजा करून घेतलीस आणि आता मला ज्ञान शिकवतोयस." खरंच आहे ते. तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मीही ऐकलं नसतं. मी त्याला एवढंच म्हटलं, की मी जे उधळलं ते पगारातून उरलेलं होतं, आणि तरी मी ब्रेकसाठी पैसे नाहीत म्हणत होतो. तुझा तर पगार पहिल्या तारखेलाच हप्त्यात जाणार. मग पॅड झिजल्यावर तू काय करशील?

ती गाडी त्याने घेतली नाही. अजून माझ्याशी धड बोलत नाही, पण घेतली नाही.

माझी गाडी घेणारा मुलगा विरारचा. फॉर्म २९, ३० वर सह्या झाल्या, चावी दिली, ब्रेकची बिलं वेगळी काढून त्याच्या हातात दिली. त्याने ती न वाचता ग्लोव्हबॉक्समध्ये टाकली. चेकनाक्यापर्यंत सोडायला म्हणून मी त्याच्या शेजारी बसलो. टोलच्या तिथे गाडी हळू झाली. (छोट्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही, पण रांग अजून सवयीने लागते.) तेव्हा तो जरा लाजत म्हणाला, "सर, ऐकलं की तुमच्याकडे हिचा एक भारी एक्झॉस्ट होता. अजून आहे का?"

"विकला," म्हटलं.

तो हिरमुसला. मग उतरताना त्याला सांगितलं, "लावशील तर लाव. पण हा सायलेन्सर टाकू नकोस. आणि ती बिलं एकदा वाच."